गार पाण्यातली कयाक आणि अंगाला बसणारा वेटसूट

जुलैच्या दुपारी सिएटलच्या ॲल्काय बीचवर हवा २५ अंश सेल्सियस (७७ फॅरनहाइट) असते. लोक अर्ध्या चड्डीत, हातात आइस्क्रीम. आणि त्याच किनाऱ्याला टेकलेलं प्युजेट साउंडचं पाणी असतं जेमतेम १३ अंशांचं (५५ फॅ.). नाशिकला डिसेंबरच्या पहाटे जी थंडी वाजते, साधारण तितक्या तापमानाचं, पण हवा नव्हे, पाणी. तारकर्लीला किंवा अलिबागला समुद्रात उतरताना आपण पाण्याच्या तापमानाचा कधी विचारच केलेला नसतो, कारण तिथे ते वर्षभर २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असतं. त्यामुळे इथे कयाक भाड्याने घेताना 'वेटसूट हवा का?' असं कुणी विचारलं, की आपल्यापैकी बरेच जण आभाळाकडे बघून उत्तर देतात. खरं तर ते पाण्याकडे बघून द्यायला हवं.

या लेखात वेटसूट काम कसं करतो हे आधी बघू आणि मग त्यावरून तो निवडायचा कसा ते ठरवू. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. दुकानात रांगेने टांगलेल्या काळ्या सुटांपैकी 'आरामदायक' कोणता, याचं उत्तर अंगात घालून आरशासमोर उभं राहिल्यावर जे वाटतं, त्याच्या बहुतेक वेळा उलट असतं.

आधी एक गंमत. ॲल्कायपासून मोटारने वीस-पंचवीस मिनिटांवर लेक वॉशिंग्टन आहे. ऑगस्टमध्ये तिथलं वरचं पाणी वीस अंशांच्या पुढे जातं, पोरंटोरं मजेत डुंबतात. तोच सूर्य, तीच हवा, मग प्युजेट साउंड एवढा गार का? तळ्यात उन्हाने तापलेलं पाणी हलकं असल्यामुळे वरच राहतं, खालच्या गार पाण्यावर झाकणासारखं. साउंडमध्ये मात्र भरती-ओहोटी दिवसातून दोनदा सगळं ढवळते. ही हिमनद्यांनी कोरलेली खाडी आहे, काही ठिकाणी २८० मीटरच्या आसपास खोल. ॲडमिरल्टी इनलेट आणि टाकोमा नॅरोज इथे तळाशी उंबरे आहेत. त्यांच्यावरून पाणी धावतं तेव्हा खालचं गार पाणी वर येतं आणि वरचं खाली जातं. झाकण बसायला उसंतच मिळत नाही. म्हणून हिवाळ्यात ८-९ आणि उन्हाळ्यात १३-१४ अंश, एवढाच काय तो फरक. मेमध्ये बर्फ वितळून येणाऱ्या नद्यांचं गणित आणखी वेगळं. हवा छान आणि पाणी मात्र थेट डोंगरावरून आलेलं.

आता हे गार पाणी अंगाला काय करतं ते बघू. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हवेच्या वीस-पंचवीस पट असते. शिवाय तेवढ्याच आकारमानाचं पाणी एका अंशाने तापवायला हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता लागते. १३ अंशांच्या हवेत तुम्ही शर्टावर तासभर फिरू शकता, कारण अंगालगतची हवा पटकन ऊबदार होते आणि तिथेच रेंगाळते. पाणी तापतच नाही. तापलंच तर वाहून जातं.

पण थंडीने गारठून मरणं ही नंतरची गोष्ट. पहिला धोका पहिल्या मिनिटाचा आहे. त्वचा अचानक गार झाली की श्वास दचकून आत ओढला जातो, मग धाप लागते, नाडी आणि रक्तदाब उसळतात. यावर आपलं नियंत्रण नसतं. तुम्ही कितीही धीट असा. तो पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना घेतला गेला तर काय होईल, हे सांगायला नको. इंग्लंडमधल्या पोर्ट्‌समथ विद्यापीठातले माइक टिप्टन यांनी या धक्क्याचा आयुष्यभर अभ्यास केला आहे. त्यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की १० ते १५ अंशांच्या पाण्यातच हा धक्का शिगेला पोचलेला असतो. म्हणजे 'बर्फाचं पाणी थोडंच आहे?' हा युक्तिवाद इथे चालत नाही. प्युजेट साउंड बरोब्बर त्या पट्ट्यात बसतो.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी हे सगळं तीन आकड्यांत बांधलं: १-१०-१. श्वास ताब्यात यायला एक मिनिट. हातापायांनी काही उपयोगाचं काम करता येईल अशी दहा मिनिटं. आणि शरीर आतून गार होऊन शुद्ध हरपायला साधारण एक तास. यातली मधली दहा मिनिटं कयाकवाल्यांसाठी फार महत्त्वाची. उलटलेली कयाक सरळ करणं, तिच्यावर चढणं, पंपाने पाणी उपसणं, हे सगळं बोटांत ताकद असेपर्यंतच. बोटं बधिर झाली की लाइफ जॅकेटचं साधं बक्कलही लागत नाही. आणि लाइफ जॅकेट हे अंगात घालायचं असतं, सीटखाली ठेवायचं नसतं. वेटसूट थोडा तरंगतो म्हणून जॅकेट नको, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

इथे एक जुना नियम मोडीत काढायला हवा. अमेरिकेत अनेकांच्या तोंडी असतो: हवेचं आणि पाण्याचं फॅरनहाइट तापमान मिळवा, बेरीज १२० च्या वर गेली तर वेटसूटची गरज नाही. वरच्या ॲल्कायच्या उदाहरणात ७७ अधिक ५५ म्हणजे १३२. नियमाप्रमाणे तुम्ही टी-शर्टवर निघालात! पण पाण्यात पडल्यावर वरची ऊबदार हवा तुमच्या पायांना काय देणार? दोन तापमानांची बेरीज करण्याला भौतिकशास्त्रात काहीच अर्थ नाही. गार पाण्यातल्या सुरक्षिततेसाठी काम करणारं तिथलं नॅशनल सेंटर फॉर कोल्ड वॉटर सेफ्टी म्हणतं, पाणी ७० फॅरनहाइटच्या (२१ सें.) खाली असेल तर जपून, आणि कपडे नेहमी पाण्याच्या तापमानाप्रमाणे.

सूट ऊब देतो म्हणजे नेमकं काय करतो?

वेटसूटबद्दल सगळीकडे एक वाक्य ऐकू येतं: 'आत पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाच्या उष्णतेने तापतो आणि मग तोच आपल्याला ऊब देतो.' अर्ध्याहून जास्त चूक आहे हे. थोडं अंकगणित करून बघू.

वेटसूट निओप्रीनच्या फेसाचा असतो. निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्युपाँट कंपनीत १९३० मध्ये तयार झालं. त्याचा फेस करताना आत नायट्रोजनचे लाखो बारीक, एकमेकांपासून बंद असलेले बुडबुडे राहतात. वायूतून उष्णता फार हळू जाते, म्हणून हा फेस पाण्याच्या दहा-बारा पट चांगला रोधक आहे. आता सुटाच्या आत अर्ध्या मिलिमीटरचा पाण्याचा थर आहे असं धरू. तीन मिलिमीटर निओप्रीन उष्णतेला जेवढा अडथळा करतं, त्याच्या तुलनेत हा पाण्याचा थर सत्तराव्या हिश्शाइतका अडथळा करतो. म्हणजे जवळजवळ शून्य. ऊब राखतात ते बुडबुडे. पाणी फक्त आत शिरलेलं असतं.

हे पहिल्यांदा ज्याच्या नीट लक्षात आलं तो भौतिकशास्त्रज्ञ होता. ह्यू ब्रॅडनर. मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेला, नंतर बर्कलीला आलेला. १९५१ च्या सुमाराला तो नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी पोशाखाचा विचार करत होता. तोवर सगळ्यांची खटपट माणसाला कोरडं ठेवण्याची होती. ब्रॅडनरचं म्हणणं असं, की कापडातच वायू अडकवला असेल तर कोरडं राहायची गरजच नाही. ओलं असूनही ऊबदार राहता येईल. त्याने स्वतः या कल्पनेचं पेटंट घेतलं नाही. १९५२ मध्ये जॅक ओनीलने सॅन फ्रान्सिस्कोत सर्फिंगचं दुकान थाटलं, आणि पुढे हा पोशाख जगभर गेला. सुरुवातीच्या सुटांना आतून अस्तर नसे, उघडं रबर असे. अंगात चढवण्यासाठी टाल्कम पावडर फासावी लागे. आजचा सूट घालताना कंटाळा आला तर एवढं आठवावं.

मग पाण्याच्या थराचं काय? तो मदत करत नाही, पण नुकसान करू शकतो. अंगपूर सुटाखाली साधारण दीड चौरस मीटर त्वचा येते. अर्ध्या मिलिमीटरचा थर म्हणजे पाऊण लिटर पाणी. ते १० अंशांवरून २५ अंशांपर्यंत तापवायला शरीराला सुमारे ४७ किलोज्यूल खर्च करावे लागतात. एकदाच केले तर किरकोळ. पण सूट सैल आहे आणि प्रत्येक हालचालीबरोबर गळ्यातून नवं पाणी आत, जुनं घोट्यातून बाहेर असं चाललं आहे, असं समजा. दर मिनिटाला एकदा सगळं पाणी बदललं तर हा खर्च होतो सुमारे ७८० वॉट. स्वस्थ बसलेलं माणसाचं शरीर जेमतेम १०० वॉट उष्णता निर्माण करतं! म्हणजे सैल सूट ही चक्क गळकी बादली झाली.

आता न गळणाऱ्या सुटाचा हिशेब. त्वचा २५ अंशांना, पाणी १० ला, सूट तीन मिलिमीटरचा, अंगपूर. निओप्रीनमधून बाहेर जाणारी उष्णता येते सुमारे ३७५ वॉट. पाच मिलिमीटरला २२५. जोरात वल्हवताना शरीर ४०० ते ५०० वॉट उष्णता देतं, त्यामुळे होडीत तुम्ही घामाघूम. पण पाण्यात नुसते तरंगत असाल तर शंभर वॉट आणि वर हुडहुडीने मिळेल तेवढी. त्वचा गार होत जाते तशी गळती कमी होते, पण एकूण जमा-खर्च तुटीचाच. तीन मिलिमीटरचा सूट तुम्हाला पाण्यात सुखात ठेवत नाही, तो तुम्हाला वेळ विकत घेऊन देतो. शिवाय गार पाणी छाती-पाठीला एकदम न लागता हळूहळू झिरपतं, त्यामुळे पहिल्या मिनिटाचा तो धक्काही सौम्य होतो. माझ्या मते सुटाचा हा सगळ्यात मोठा उपयोग, आणि विक्रेते याबद्दल सहसा बोलतच नाहीत.

मग कोणता?

वेटसूट म्हणून चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि गफलत इथेच होते.

डायव्हिंगचा सूट खोल पाण्यासाठी असतो. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्मे होतात, म्हणून त्यात घट्ट, न दबणारा फेस वापरतात. तो कडक असतो. कयाकवाला दहा मीटर खाली गेला तर त्याचे प्रश्न वेगळेच असतील. त्याला या कडकपणाची किंमत मोजायचं कारण नाही. ट्रायथलॉनचा सूट बाहेरून गुळगुळीत, पोहायला सुंदर, पण इतका नाजूक की सीटच्या कडेवर आणि किनाऱ्यावरच्या शिंपल्यांवर एका मोसमात फाटेल. सर्फिंगचा सूट मऊ, ताणणारा, खांदे मोकळे ठेवणारा. त्यावर ३/२ किंवा ४/३ असे आकडे लिहिलेले असतात: पहिला धडाच्या जाडीचा, दुसरा हातापायांच्या, मिलिमीटरमध्ये.

आणि चौथा, खास वल्हवणाऱ्यांचा: बिनबाह्यांचा, लांब पायांचा, इकडे ज्याला फार्मर जॉन म्हणतात तो. अमेरिकन शेतकऱ्यांच्या खांद्यावर पट्टे असलेल्या डांगरीवरून हे नाव पडलं. बायकांच्या मापाचा तो फार्मर जेन. धड आणि पाय तीन मिलिमीटरमध्ये झाकलेले, काखा आणि खांदे पूर्ण मोकळे.

काखा मोकळ्या कशाला? हिशेब करा. निवांत वल्हवतानाही मिनिटाला पन्नासेक वल्ही पडतात. तासाला तीन हजार. प्रत्येक वल्ह्याला काखेतली शिवण एकदा पुढे, एकदा मागे घासते. तीन तासांनी तिथे जे होतं त्याला मराठीत नेमका शब्द आहे: काचतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टचं बटण दाबायला हात उचलवत नाही. त्याखेरीज जाड बाही म्हणजे प्रत्येक वल्ह्याला ताणायचं एक रबर. दुकानात दोनदा हात फिरवून ते कळत नाही, दोन हजाराव्या वल्ह्याला कळतं. आणि मग काय होतं, तर माणूस सूट कमरेपर्यंत उतरवून बाह्या पोटाशी गाठ मारून बसतो. तसा माणूस उलटला तर छाती उघडी, आणि सुटात पाणी भरलेलं. काचणारा सूट धोकादायक असतो तो असा.

उन्हाळ्यातल्या प्युजेट साउंडसाठी, किनाऱ्याजवळ, सोबत कुणी असताना, तीन मिलिमीटरचा फार्मर जॉन, आत पातळ लांब बाह्यांचं कृत्रिम धाग्याचं बनियन आणि वर वल्हवण्याचं वाराबंद जॅकेट, ही जोडी मला सगळ्यात व्यवहार्य वाटते. आतलं बनियन सुती नको. सूत पाणी धरून ठेवतं आणि काचतंही. उघड्या हातांमधून उष्णता जाते हे खरंच, म्हणून पाणी १२-१३ अंशांच्या खाली असेल तर मी पातळ, ताणणाऱ्या बाह्यांचा सर्फिंगचा सूट सुचवेन, किंवा फार्मर जॉनवर निओप्रीनची आखूड जाकीट. आणि १० अंशांच्या खाली, म्हणजे इथे नोव्हेंबर ते एप्रिल, ड्रायसूट. त्यात गळा आणि मनगटं सीलबंद असतात, आत लोकरीसारखे कपडे घालता येतात. महाग असतो, हजार डॉलर सहज. तो परवडत नसेल तर हिवाळ्यात कयाक बाहेर काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सिंहगडावर जावं तसं रॅटलस्नेक लेजवर जावं, तीही मजा कमी नाही.

वाराबंद जॅकेट का, हे माठ वापरलेल्या माणसाला सांगायला नको. बऱ्याच सुटांना बाहेरून नायलॉनचं अस्तर असतं. ते टिकाऊ, पण ओलं राहतं, आणि वाऱ्यावर त्यातलं पाणी वाफ होऊन उडतं. तासाला फक्त १०० ग्रॅम, अर्धी वाटी, पाणी उडालं तरी सत्तरएक वॉट उष्णता जाते. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने तुमची पाठ गार होते. छाती-पाठीला गुळगुळीत रबराचे तुकडे असलेले सूट यासाठीच असतात, तिथे पाणी ठरत नाही. उलट दिवस तापलेला असेल तर हाच माठ उपयोगी: ओंजळभर पाणी मानेवर, छातीवर टाका, टोपी बुडवून घाला. उकडतंय म्हणून सूट काढायचा नाही, भिजवायचा.

अंगावर घालून बघताना

कंपन्यांचे मापांचे तक्ते उंची आणि वजनावर असतात, आणि ते ज्या बांध्याला धरून केलेले असतात तो आपला असेलच असं नाही. साडेपाच फूट उंची, बारीक पाय आणि पोटाचा घेर जरा सुखवस्तू, असा नमुना आपल्या गणेशोत्सवाच्या पंगतीत दर दोन माणसांमागे एक सापडतो. तक्त्यात तो सापडत नाही. वजन विसरा. छाती, कंबर आणि धडाची लांबी ही मापं बघा. आखूड उंचीसाठी वेगळे कट मिळतात, ते मागा.

धडाची लांबी सगळ्यात जास्त दुर्लक्षित. सूट धडाला आखूड असेल तर तो जांघेत ओढतो आणि खांद्यांना सतत खाली खेचतो. दिवसभर पाठीवर शाळेचं दप्तर घेतल्यासारखं होतं. लांब असेल तर पोटावर आडव्या वळ्या पडतात आणि कमरेच्या खोलगट भागात पाण्याचं डबकं साचतं. तिथे तळहात सरकवून बघा. सहज जात असेल तर माप मोठं. काखेत, जांघेत, गुडघ्यामागे सूट त्वचेला चिकटलेला हवा. गळ्याशी एक बोट जेमतेम जावं; गिळताना त्रास होत असेल तर तो गळा वाईट.

कोरड्यात सूट जरा जास्तच घट्ट वाटला पाहिजे. ओला झाला की तो थोडा सैलावतो. दुकानात 'वा, काय आरामदायक!' वाटणारा सूट पाण्यात गळकी बादली ठरतो, तो याच कारणाने. पण घट्ट म्हणजे श्वास कोंडणारा नव्हे: पोट फुगवून खोल श्वास घ्या, पूर्ण जायला हवा.

आता उभ्याने बघणं पुरे. जमिनीवर बसा, पाय पुढे पसरून, गुडघे थोडे वाकवून, कयाकमध्ये बसतात तसे. घरी असाल तर झाडूचा दांडा घ्या आणि कमरेतून वळत शंभर वल्ही मारा. लेबलं काढू नका. घरातली मंडळी हसतील, हसू द्या. गुडघ्यामागे चिमटा बसतो का, पट्टे मानेशी घासतात का, वर लाइफ जॅकेट चढवल्यावर पाठीची चेन मणक्यात टोचते का, हे सगळं तेव्हाच कळेल. चेन पुढे असलेला सूट वल्हवताना बरा पडतो.

शिवण आतून बघा. सपाट दुहेरी शिवणीत सुई आरपार जाते, म्हणजे ओळीने भोकं, उन्हाळ्याला ठीक. चिकटवून मग अर्ध्या जाडीपर्यंतच सुई घातलेली शिवण पाणी फार कमी आत सोडते, पैसे जास्त. १३ अंशांसाठी मी ते जास्तीचे पैसे घालेन.

बायकांसाठी दोन गोष्टी, ज्या दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. पुरुषी मापाचा लहान सूट घेऊ नका. छातीशी घट्ट आणि कमरेला सैल होतो, पाणी तिथूनच शिरतं. आणि तीन तासांच्या फेरीत निसर्गाची हाक येणारच, तेव्हा मागून उघडणारी चेन आहे का ते विचारा. नाहीतर पाणी कमी प्यायलं जातं आणि डोकं दुखतं. अंगाला चिकटलेल्या सुटात संकोच वाटत असेल तर वरून सैल चड्डी घाला, खुशाल घाला, काही सर्फिंगवालेही घालतात. बांगड्या आणि गळ्यातलं घरी ठेवा. अंगठीसुद्धा: थंडीने बोटं आकसतात आणि घट्ट बसणारी अंगठी अलगद निसटते. साउंडच्या तळाशी ती शोधायला कुणी जात नाही.

घालताना पायात प्लास्टिकची पिशवी चढवा, पाय सर्रकन जातो, मग पिशवी काढा. ओढताना नखांनी नाही, बोटांच्या पेरांनी धरा. नखाने निओप्रीनला चंद्रकोर पडते. काचणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली लावू नका, बहुतेक कंपन्या ती टाळायला सांगतात; खेळाडूंसाठी मेणकांडी मिळते ती लावा. सुटाखाली पुरळ उठून खाज येत असेल आणि ती दर वेळी येत असेल तर ते नुसतं काचणं नसावं. निओप्रीन बनवताना वापरलेल्या थायोयुरिया गटातल्या रसायनांची काहींना ॲलर्जी असते. त्वचेच्या डॉक्टरला सूट दाखवा.

पायात तीन मिलिमीटरचे बूट हवेतच. हातांसाठी मोजे असतात, पण काहींना त्यातून दांड्याची पकड समजत नाही. पॅडललाच बसवायच्या पिशव्या मिळतात, हात आत घालून उघड्या तळव्याने दांडा धरायचा. मात्र पाण्यात पडल्यावर त्या पिशव्या पॅडलपाशी राहतात आणि हात उघडे पडतात, म्हणून एक जोड मोजे जॅकेटच्या खिशात.

विकत घेण्याआधी दोनदा भाड्याने घ्या. कयाक देणारे बहुतेक लोक सूटही देतात. आणि कुठलाही सूट, भाड्याचा असो वा नवा, पहिल्यांदा होडीत बसण्याआधी किनाऱ्यावर तपासा: सोबतीला कुणी उभं असताना, लाइफ जॅकेट घालून, हळूहळू चालत गळ्यापर्यंत पाण्यात जा आणि दहा मिनिटं राहा. हात हलवा, पोहून बघा. पाठीवरून गार ओघळ सतत जाणवत असेल तर माप चुकलं. दहा मिनिटांनी बोटांनी बक्कल लावता येत नसेल तर जाडी कमी पडते आहे. अशा छोट्या बुडी पाच-सहा वेळा घेतल्या तर त्या पहिल्या मिनिटाचा धक्काही पुष्कळ कमी होतो, शरीर ते शिकतं. रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असेल तर मात्र या प्रयोगाआधी डॉक्टरांशी बोला. पन्नाशीच्या आसपासच्या आपल्या मंडळींना हे मुद्दाम सांगतो आहे, कारण धक्क्यात नाडी आणि दाब दोन्ही एकदम चढतात.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, उलटा करून, सावलीत वाळत घाला. उन्हात रबर कडक होतं. खांद्यांवर बारीक हँगर नको, ओल्या सुटाच्या वजनाने तिथली जाडी कमी होते. दांडीवर कमरेत दुमडून टाका, धोतर टाकतात तसं. तीन-चार मोसमांनी गुडघ्यापाशी चिमटीत धरून दाबा. नवा असताना जसा फुगून वर यायचा तसा येत नसेल तर आतले बुडबुडे दबले आहेत. लेबलवर तीन मिलिमीटर असेल, तुमच्या अंगावर दोनच उरले आहेत.